हॅचबॅकला १७ इंची अलॉय : ‘काही फरक पडत नाही’ म्हणे!

घाटावरचा गडी
परवा इथे एका सद्गृहस्थांनी सल्ला दिलाय: ‘स्विफ्ट व्हीएक्सआयला डोळे मिटून १७ इंची अलॉय रिम टाका. चाकाची उंची तेवढीच राहते, काही फरक पडत नाही.’ खाली बदामांचा पाऊस. वाचून डोकं सणकलं, म्हणून हा वेगळा धागा.

उंची तेवढीच राहते, मान्य. कंपनीचं १६५/८० आर १४ (टायर १६५ मिलिमीटर रुंद, बाजूची उंची रुंदीच्या ८० टक्के, रिम १४ इंची) साधारण ६२० मिलिमीटर, २०५/४५ आर १७ साधारण ६१६. स्पीडोमीटरला पत्ताही लागत नाही. पण रिम तीन इंचांनी वाढली ती कुणाच्या जिवावर? साइडवॉलच्या, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीच्या. १४ वर रिम आणि रस्ता यांच्यात १३२ मिलिमीटर टायर होता, १७ वर ९२ उरला. खड्ड्याची कड बसली की दबायला जागा लागते, ती चार सेंटिमीटरनं कमी. मग साइडवॉलला फुगा येतो नाहीतर रिमला बाक, आणि उरलेला दणका सस्पेन्शनला.

माझं म्हणणं एवढंच: त्याच गाडीच्या टॉप मॉडेलला कंपनी जी साइज देते तिथपर्यंत बिनधास्त जा. स्विफ्ट झेडएक्सआयला १८५/६५ आर १५ येतो, साइडवॉल १२० मिलिमीटर. त्यापुढे सगळी शोभा. शोभेला माझी ना नाही, पण नव्या गाडीवाल्या पोरांना ‘काही फरक पडत नाही’ सांगू नका.

लो प्रोफाइल
ते सद्गृहस्थ मीच, नाव घ्यायला लाजू नकोस. १७ वर स्वतः गाडी चालवलीयस, की नुसता कॅल्क्युलेटर? खंबाटकीच्या बोगद्यातून बाहेर पडल्यावरचं ते एस वळण १४ च्या टायरवर घे आणि मग माझ्या गाडीत बस. १४ वर गाडी अंग टाकते, स्टिअरिंग फिरवल्यावर वळू की नको असा विचार करते. माझी लगेच वळते. आजवर एकही रिम वाकलेली नाही. खड्डा दिसला की मी ब्रेक मारतो, लोक डोळे मिटून चालवतात त्याला माझा इलाज नाही.

घाटावरचा गडी
डोळे मिटायचा सल्ला तूच दिलायस, भावा. वर शब्दशः आहे.

कोथरूडचे काका
मुळात अलॉय हवेत कशाला? लोखंडी रिम वाकली तर पंक्चरवाला ठोकून सरळ करतो. अलॉय तडकलं की भंगारात.

भाच्यानं लग्नाच्या तोंडावर हौसेनं १६ इंची लावली. ताम्हिणीतून उतरून माणगावला मुंबई-गोवा हायवेला लागले, कोलाडच्या दिशेनं थोडं पुढे गेले आणि पाण्यानं भरलेल्या खड्ड्यात डावीकडची दोन्ही चाकं एकामागोमाग आपटली. दोन टायर फाटले, स्टेपनी एक. वऱ्हाड रोह्याला पोचलेलं आणि नवरदेव मंडपवाल्याच्या टेम्पोत, फेटा सांभाळत. इन्शुरन्सवाल्यानं नंतर पॉलिसीतली ओळ दाखवली: टायरचं नुकसान तेव्हाच देऊ, जेव्हा त्याच वेळी गाडीचंही नुकसान झालं असेल, आणि तेही निम्मं. गाडीला ओरखडासुद्धा नव्हता! म्हणजे गाडी ठोकली असती तर पैसे मिळाले असते.

लो प्रोफाइल
काका, हा दोष अलॉयचा की रस्त्याचा? पेट्रोल गाडी घेताना ११ टक्के टॅक्स मोजायचा, वर टोल वेगळा, आणि खड्ड्यात गेलो तर म्हणायचं चाक बारीक घ्यायला हवं होतं. तो हायवे किती वर्षं होतोय, आठवतंय का कुणाला?

बाणेरकर बाई
खड्ड्यांवर सगळे बोलतात, स्पीडब्रेकरवर बोला की. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात तो ३.७ मीटर रुंद, १० सेंटिमीटर उंच, म्हणजे ताशी २५ च्या वेगानं सहज ओलांडता येईल असा. आमच्या गल्लीतला हातभर रुंद आहे. उंची सरकारी, रुंदी घरची. पट्टे नाहीत, बोर्ड नाही, वर दिवा नाही. आईला मणक्याचा त्रास, दवाखान्यात नेताना रिक्षावाला त्यावरून उडवतो तेव्हा तिचा चेहरा बघवत नाही. तक्रार केली तर उत्तर आलं, ‘नागरिकांच्या मागणीवरून बसवला आहे.’ कोण हे नागरिक?

शाळेसमोर राहतो
आम्ही ते नागरिक. बाई, तुमच्या आईबद्दल वाईट वाटतं, पण शाळा सुटते तेव्हा माझ्या दारात येऊन उभ्या राहा. हे लो प्रोफाइलवाले, म्हणजे बुटक्या साइडवॉलचे टायरवाले, ज्या वेगानं येतात ना, तिथे ३.७ मीटरचा पसरट ब्रेकर म्हणजे त्यांना झोपाळा. आखूडच हवा. चाकाला लागतंय म्हणून तरी हळू होतात.

बाणेरकर बाई
म्हणजे चुकार चारजणांसाठी अँब्युलन्सनंही आदळत जायचं? पट्टे मारायला काय हरकत आहे? रात्री तिथे स्कूटरवरून पडलेल्या मुलाला मी स्वतः उचललंय. तो काही १७ इंची नव्हता.

शाळेसमोर राहतो
पट्टे मारले होते. पहिल्या पावसात गेले. तेही आमच्याच वर्गणीतून.

लो प्रोफाइल
मी शाळेपुढून कसा जातो हे यांना स्वप्नात दिसलं वाटतं. चाकं बघून चारित्र्य ठरवताय?

शाळेसमोर राहतो
चाकं दिसायच्या आधी सायलेन्सर ऐकू येतो.

लो प्रोफाइल
माझा सायलेन्सर कंपनीचा आहे! माहिती नसताना बोलायचं लायसन्स कुठल्या आरटीओत मिळतं?

पाना नंबर १९
भांडा निवांत, पण जे गिऱ्हाईक भोगतं ते कुणीच लिहिलं नाही. टायरचं दुकान आहे, रोज बघतो. नट चार बाय १०० वर (चार नट, १०० मिलिमीटरच्या वर्तुळावर) बसले म्हणजे अलॉय बसलं असं लोक समजतात. स्विफ्टचा हब, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो मधला गोल भाग, ५४.१ मिलिमीटरचा, बाहेरच्या अलॉयचं मधलं भोक बहुतेक वेळा त्याहून मोठं, सगळ्या गाड्यांना चालावं म्हणून. मधली फट भरायला हब रिंग टाकायची असते, किरकोळ वस्तू आहे. ती न टाकता नुसत्या नटांवर आवळलं की चाक मध्यावर बसेलच असं नाही, आणि ऐंशीच्या पुढे स्टिअरिंग थरथरतं. मग माणूस पुन्हापुन्हा बॅलन्सिंग करतो, मशीन शून्य दाखवतं, थरथर तशीच.

दुसरं ऑफसेट, म्हणजे रिमच्या रुंदीचा मध्य आणि हबला टेकणारी बाजू यांच्यातलं अंतर. कमी ऑफसेटची रिम घेतली की चाक बाहेर येतं, फोटोत भारी दिसतं. मागे तीन माणसं बसली की टायर फेंडरच्या कडेला घासतो, बेअरिंगवर ताण येतो तो वेगळा.

आणि लो प्रोफाइलदादा, तुमच्या टायरवर २०५/४५ आर १७ च्या पुढे आकडा काय आहे? तो भाराचा क्रमांक. ८४ असेल तर एका टायरला ५०० किलो. कंपनीचा ८५ चा, म्हणजे ५१५. साइज वाढवून भार सोसायची ताकद कमी केलीत. ८८ चा एक्स्ट्रा लोड, म्हणजे जास्त भार सोसणारा टायर हवा होता.

लो प्रोफाइल
आत्ताच खाली जाऊन बघून आलो. ८८ आहे. हब रिंगपण आहे. झालं समाधान?

पाना नंबर १९
झालं. बसवणारा चांगला भेटला तुम्हाला. पण तुमचा सल्ला वाचून १७ टाकणाऱ्या दहाजणांतल्या किती जणांना भेटेल? सल्ल्यात यातलं एक अक्षर नव्हतं.

लो प्रोफाइल
बरं बाबा. ‘काही फरक पडत नाही’ मागे. त्याजागी ‘मला परवडतो, तुमचं तुम्ही बघा’ असं वाचावे. आता तरी धागाकर्त्यानं मान्य करावं की वळणात १७ उजवं.

घाटावरचा गडी
गुळगुळीत डांबरावर उजवं. असा रस्ता सापडला की कळव, मीपण येतो.

कोथरूडचे काका
माझ्या लोखंडी रिमवर कुणी बोललंच नाही. असो. भाच्याच्या चारातल्या दोन रिम धड आहेत, बाल्कनीत पडून आहेत, बायको रोज विचारते. १६ इंची, चार बाय १००. कुणाला हव्यात तर घेऊन जा.

लो प्रोफाइल
काका, ऑफसेट किती?