अनुभव धागा: भूगोलाचा पहिला तास

पागोळी
लेकीच्या सहावीच्या पुस्तकांना कव्हरं घालत बसले होते. ती म्हणाली, "आई, भूगोल शेवटी घे, कागद नाही पुरला तरी चालेल." (बिचाऱ्याची किंमत आमच्या वेळीही एवढीच होती.) कागद उडू नये म्हणून त्यावर दगड ठेवला होता. त्याच्याकडे बघता बघता एकदम १९९० चा जून आठवला.

साताऱ्याजवळचं गाव, सातवीचा वर्ग, कौलं गळतायत, मधोमध बादली. सर आले ते पुस्तक न घेताच. खिशातून दगड काढून पहिल्या बाकावर ठेवला. "पुढे द्या. काय दिसतं ते प्रत्येकाने सांगायचं." काळाकुट्ट, देवीचे व्रण असावेत तशी भोकं आणि काही भोकांत पांढरं चमचमणारं काहीतरी. कुणी म्हणालं किडलाय, कुणी म्हणालं साखर भरलीय. मग सर म्हणाले, तुमच्या शाळेचा पाया, अजिंक्यतारा, सगळं हेच. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भेगांतून लाव्हा वाहिला, थरावर थर बसले. भोकं म्हणजे त्यात अडकलेले वायूचे बुडबुडे. पांढरं नंतर पाण्याबरोबर आलं नि आत बसलं. वहीत आकृती काढून घेतली, पांढऱ्याला बाण आणि नाव 'गारगोटी'.

माझा बाक शेवटचा. माझ्यापर्यंत येईस्तोवर इतक्या हातांतून दगड कोमट झाला होता. तेवढ्यात घंटा झाली आणि... तो परत गेलाच नाही. कंपासपेटीत मावेना, डब्याच्या पिशवीत घातला.

तुमचा पहिला तास कसा होता? लिहा.

उंडगा
दगडचोर! हाहाहा

शिळाप्रेस
गारगोटी नसावी. पांढरा भाग काचेवर घासून बघा. ओरखडा उठला तर गारगोटी, नाहीतर बहुतेक झिओलाइट नावाचं दुसरं खनिज.
मी अकरावीला भूशास्त्र घेतलं होतं. पहिल्या प्रॅक्टिकलला खनिजांचा ट्रे. मॅडम म्हणाल्या, हॅलाइट म्हणजे सैंधव, ते चवीने ओळखता येतं. त्यांची पाठ वळली आणि माझ्या पार्टनरने आख्खा ट्रे चाटला. जिप्सम, कॅल्साइट, गंधक... सैंधव सापडलं ते शेवटून दुसरं.

वऱ्हाडी_ठेचा
तुमची शाळा सुरू होते तवा आम्ही कूलरसमोर. आमची जूनच्या शेवटी. तोवर तुमचा पहिला धडा संपून जाते.

चिरेबंदी
आमच्याकडे रत्नागिरीत बाईंनी जांभ्याचा तुकडा आणला. मी मनात म्हटलं, यात काय शिकवणार, घराची भिंत त्याचीच आहे. बाई म्हणाल्या, हाही मूळचा काळा दगडच. पावसाने बाकीचं धुऊन नेलं, लोखंड मागे राहिलं आणि गंजलं. त्या दिवशी घरी जाऊन पडवीच्या भिंतीवर बोट फिरवलं, तांबडं झालं. खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो, वाऱ्यावर सुकला की टणक, हे मात्र बाईंना मीच सांगितलं.

गोधडी
चिरेबंदी, चिऱ्याचा सध्या काय भाव? कंपाउंड घालायचंय.

चिरेबंदी
व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते. चिऱ्यापेक्षा गाडीभाडंच जास्त पडतं.

माळवद
जून १९९४. लातूर जिल्हा, पत्र्याचं शेड. आदल्या वर्षी अनंत चतुर्दशीच्या रात्री गणपती बोळवून झोपलो आणि पहाटे भूकंप झाला, ३० सप्टेंबर. पुस्तकात एक ओळ होती, दख्खनचं पठार हा स्थिर भूभाग आहे. सरांनी ती मोठ्याने वाचली आणि थांबले. म्हणाले, ही ओळ खोडा. सगळ्यांनी पट्टी लावून खोडली. मग हजेरी घेतली. सतरा जण होतो. आदल्या जूनला एकतीस.

उंडगा
माळवद, वरचे आमचे विनोद काढून टाकावेसे वाटले.

माळवद
नका हो. त्या ट्रे चाटणाऱ्यावर मीही हसलो.

फळा_डस्टर
स्टाफरूममधून लिहितेय, आजच पहिला दिवस. सहावी ब, बासष्ट पोरं, पृथ्वीगोल एक. त्याचा वरचा स्क्रू गेलाय, सेफ्टी पिन लावलीये, त्यामुळे पृथ्वी साडेतेवीसऐवजी चाळीस अंशांत कलते. एकाने विचारलं, "बाई, पडेल का?" अजून नवीन गोल मंजूर... घंटा झाली, पळते.

सातासमुद्रापार
न्यूयॉर्कला लेक नववीत गेली, इथे अर्थ सायन्स म्हणून वेगळाच विषय. शाळा सप्टेंबरात. पहिल्याच दिवशी दगडांचा डबा हातात, ओळखा म्हणे. काळ्या दगडाला हिने बिनधास्त लिहिलं, 'सिंहगड'. जुलैत आजोबांबरोबर चढली होती, गुडघा फोडून घेतला होता त्यावर. शिक्षकांनी अर्धा मार्क दिला.

बॅच_२०२०
पहिला तास आठवत नाही, शेवटचा पेपर आठवतो. दहावीचा भूगोल, २३ मार्च २०२०, लॉकडाउनमुळे झालाच नाही. सरासरीने मार्क मिळाले. भूगोलात एवढे मला आयुष्यात कधी पडले नव्हते.

गोधडी
चिरेबंदी, व्यनि आला नाही.

पागोळी
शिळाप्रेस, जॅमच्या रिकाम्या बाटलीवर घासून बघितला. ओरखडा नाही. म्हणजे गारगोटी नाहीच की काय? सातवीची वही अजून आहे माझ्याकडे. त्या आकृतीखाली सरांची लाल खूण आणि 'छान'.

शिळाप्रेस
सरांना सांगू नका.

उंडगा
आधी दगड परत करा.