मदत हवी आहे: चोर्ला घाटासाठी दमदार छोटी एसयूव्ही, टेस्ट ड्राइव्हला नेमकं काय तपासू?

केरीकडची (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

मी गोव्यात साखळीत राहते, नोकरी वेर्ण्याला, माहेर बेळगावला. त्यामुळे आठवडाभर हायवे आणि सुट्टी आली की बेळगावच्या वाटेवरचा चोर्ला घाट. सध्याची गाडी १.२ लिटरची साधी पेट्रोल हॅचबॅक आहे. एकटी असले की तिची काही तक्रार नाही. पण चौघं बसलो, एसी लावला आणि डिकीत आईसाठी नारळाचं पोतं टाकलं की केरी सोडल्यावर ती दुसऱ्या गिअरवर रडायला लागते. पुढे ट्रक असेल तर कणकुंबीपर्यंत त्याचा धूर खात जायचं.

आता बदलायची आहे. मला गाडी चालवायला मनापासून आवडते, त्यामुळे 'मायलेज किती' हा माझा पहिला प्रश्न नाही. बघितलेल्या गाड्या अशा:

ह्युंदाई वेन्यू एन लाइन: १.० टर्बो, १२० पीएस ताकद, १७२ न्यूटन मीटर टॉर्क (ओढायचा जोर).
महिंद्रा ३एक्सओ, डायरेक्ट इंजेक्शनवाली: १.२ टर्बो, साधारण १३० पीएस, २३० न्यूटन मीटर.
बजेट ताणलं तर क्रेटा एन लाइन: १.५ टर्बो, १६० पीएस, २५३ न्यूटन मीटर.

टेस्ट ड्राइव्ह म्हणजे सपाट हायवेवर पुलापर्यंत जाऊन परत. सेल्समन सगळा वेळ सनरूफ दाखवत होता, तेही मागे बसलेल्या माझ्या नवऱ्याला. (नवऱ्याला एसी गार आणि गाणी सुरू असली की गाडी उत्तम.) यातून मला घाटाबद्दल काहीच कळलं नाही. यूट्यूबवर जो तो शून्य ते शंभर किती सेकंदांत हेच सांगतो. घाटात रोज जाणाऱ्यांनी सांगा, गाडी पारखायची कशी? आणि गिअरबॉक्स कुठला घेऊ?

घाटमाथा

ताई, शून्य ते शंभर पहिल्यांदा डोक्यातून काढा. चोर्ल्यात शून्यावरून कोण निघतं? आणि कंपन्यांचे आकडे एकमेकांशी ताडून बघता येतीलच असंही नाही. महिंद्रा ३एक्सओसाठी शून्य ते साठ ४.५ सेकंद सांगते, ह्युंदाई क्रेटा एन लाइनसाठी शून्य ते शंभर ८.९ सेकंद. आता लावा हिशेब.

घाटात लागतो तो तीस ते ऐंशीचा जोर. ट्रकच्या मागे तीसने चाललाय, सरळ तुकडा दिसला, पाय दाबला, आणि समोरून एसटी यायच्या आत आपल्या बाजूला परत. तेवढ्या वेळात गाडी किती पटकन उठते ते बघा.

तुम्ही लिहिलेल्या तिन्ही इंजिनांचा पूर्ण टॉर्क १५०० आरपीएमच्या (इंजिनाचे मिनिटाला फेरे) आसपास सुरू होतो. ब्रोशरमध्ये ते कौतुकाने छापतात. त्याचा दुसरा अर्थ असा की १५००च्या खाली टर्बो (इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा) झोपलेला असतो आणि तुमच्या हातात उरतं ते एक ते दीड लिटरचं छोटं इंजिन. यू वळणावर वेग पंधरा-वीसवर येतो, गाडी दुसऱ्यात असते, आरपीएम पडलेले. पाय दाबला तर क्षणभर काहीच होत नाही, आणि मग सगळा जोर एकदम येतो. ओल्या रस्त्यावर पुढची चाकं तिथेच घसरतात. हा मधला क्षण कुठल्या गाडीत किती लांब आहे, ते स्वतः चालवून बघितल्याशिवाय कळायचं नाही. क्रेटाचं इंजिन मोठं आणि चार सिलिंडरचं, त्यामुळे खालच्या आरपीएमला ते कमी चिडतं. पण पैसेही तसे मोजायचे.

एसी लावून आणि माणसं भरून चालवा. रिकामी गाडी सगळ्यांचीच पळते.

चिरेबंदी

शोरूमवाले घाटात नेत नाहीत, हे खरं. मग आल्तिनोला न्या. पणजीतच आहे, नाही म्हणायला त्यांच्याकडे कारण नाही. चढ आहे, वळणं आहेत, रस्ता अरुंद आहे. मोकळ्या चढासाठी कुठ्ठाळीहून वेर्ण्याच्या पठारावर चढताना तुमचं रोजचंच काम होईल.

रुंदीबद्दल कोणीच बोलत नाही म्हणून लिहितो. चार मीटरच्या आतली गाडी म्हणजे वाड्यावरच्या रस्त्याला सोपी असा समज असतो. ३एक्सओ लांबीला ३९९० मिलिमीटर, पण रुंदीला १८२१. क्रेटा लांबीला ४३३०, रुंदी १७९०. म्हणजे दोन्ही बाजूंना चिऱ्याच्या भिंती असलेल्या वाटेवर लहान वाटणारी गाडीच जास्त जागा घेते. आमच्याकडे फेरीबोटीत गाडी चढवायची असते, तिथे मात्र लांबी कमी असलेली बरी. तुमच्या गेटचं माप टेपने घेऊन जा.

सुकटबोंबील

पात्रांव, आहे तीच गाडी ठेवा आणि नारळ बेळगावात विकत घ्या. 😄

केरीकडची

सुकटबोंबील, आईला हे तुम्ही सांगा, मी नंबर देते.

घाटमाथा, चिरेबंदी, मनापासून आभार. आल्तिनो डोक्यातच आलं नव्हतं. गिअरबॉक्सचं कोणी सांगेल का? पर्वरीच्या ट्रॅफिकमध्ये क्लच दाबून पाय भरून येतो, म्हणून ऑटोमॅटिककडे कल आहे. पण डीसीटी (दोन क्लचचं ऑटोमॅटिक) तापतं असंही ऐकलं.

तेलकट हात

ताई, माझं काम गॅरेजचं, म्हणून जरा सविस्तर.

वेन्यू आणि क्रेटा एन लाइनमध्ये सात गिअरचं डीसीटी मिळतं. आत दोन क्लच असतात, पुढचा गिअर आधीच तयार असतो, म्हणून तो झटक्यात पडतो. चालवायची हौस असलेल्याला हाच आवडेल. पण हे क्लच कोरडे, तेलात बुडालेले नाहीत. चढावर ट्रकमागे गाडी नुसत्या अॅक्सिलरेटरवर तोलून धरली तर क्लच घासत राहतो आणि तापतो. अशा वेळी ब्रेक दाबून पूर्ण थांबायचं, पुढे जागा झाली की निघायचं. एवढी सवय लावलीत तर भीती बाळगू नका.

३एक्सओच्या या इंजिनासोबत सहा गिअरचं टॉर्क कन्व्हर्टर मिळतं. इथे इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये तेल असतं. गिअर किंचित आळसात पडतो, पण सरपटत चढायला ते सोसतं, आणि घाटमाथा म्हणतात तो टर्बो झोपलेला क्षणही थोडा झाकला जातो. घरातले तिघं वेगवेगळ्या पद्धतीने चालवणार असाल तर मी हेच सुचवेन. एकट्या तुम्हीच चालवणार असाल तर डीसीटी.

मॅन्युअल तिन्हींत आहे. घाटात ताबा सगळ्यात जास्त त्यातच. पण पर्वरीचं दुखणं तुम्हीच सांगितलंत.

आता उतरणीचं, ज्याबद्दल तुम्ही विचारलंच नाही. जोर असलेली गाडी वळणापाशी जास्त वेगात पोचते, म्हणून ब्रेकही तसेच हवेत. तिन्हींना चारही चाकांना डिस्क आहेत, चांगलं आहे. तरी टेस्ट ड्राइव्हला आल्तिनोवरून उतरताना गिअर हाताने खाली घेऊन बघा: इंजिन गाडीला धरून ठेवतं का, की गिअरबॉक्स स्वतःच्या मनाने वरचा गिअर टाकतो? मग लागोपाठ ब्रेक मारा. पेडल पहिल्याइतकंच घट्ट लागलं पाहिजे. पावसाळ्यात सकाळी डिस्कवर तांबूस गंज दिसेल, पहिल्या दोन-चार ब्रेकमध्ये निघून जातो, त्याने घाबरू नका.

फोंडेकर

पैशाचं कोणी बोललं नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आत आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीला जीएसटी १८ टक्के, त्यावरच्याला ४०. वेन्यू आणि ३एक्सओ पहिल्या खणात बसतात, क्रेटा दुसऱ्या. मधल्या फरकात घाटाचं पेट्रोल बरंच येतं. आणि पेट्रोल भरायचं ते गोव्यातच, कर्नाटकात महाग पडतं.

जुनी एन लाइन मिळते का बघायचा मोह होईल. आपल्याकडे जुनी गाडी घेताना ती आधी रेंटवर, काळ्या पाटीवर फिरलेली नाही ना, हे आरसीच्या नोंदीत तपासा. गाडी उचलून खालूनही बघा. बीचवर वाळूत घातलेली असेल तर खाऱ्या पाण्याचा गंज खालच्या सांध्यांत सापडतो, पॉलिशने तो झाकला जात नाही.

केरीकडची

तेलकट हात, उतरणीचं आधी कोणी सांगितलं असतं तर सेल्समनला सनरूफ बंद करायला लावलं असतं. शनिवारी वेन्यू आणि ३एक्सओ दोन्ही आल्तिनोला नेते. सासूबाईंना मागे बसवणार आहे, त्यांचे गुडघे आणि कंबर खड्ड्यांबद्दल ब्रोशरपेक्षा खरं बोलतील. क्रेटाचं करामुळे मन उतरतंय, पण ते इंजिन...

घाटमाथा

क्रेटा चालवायचीच असेल तर शेवटी चालवा, नाहीतर बाकीच्या दोन फिक्या वाटतील. एक राहिलं. एन लाइनचं सस्पेन्शन साध्या मॉडेलपेक्षा कडक असतं, वळणावर त्याचा फायदा, जांबोटीकडच्या खड्ड्यांत तोटा. क्रेटा एन लाइनला टायर १८ इंची आहेत, वेन्यूला त्याहून लहान. मोठ्या चाकाच्या टायरची उंची कमी, खड्ड्यात रिम वाकायची शक्यता जास्त, आणि पावसात कणकुंबीजवळ टायर फाटला तर त्या मापाचा मिळवायला बेळगावच गाठावं लागेल. स्टेपनी कुठल्या मापाची देतात ते शोरूममध्येच डिकी उघडून बघून घ्या.