मदत हवी आहे: परदेशात फोन हरवला तर खाती कशी उघडायची?

आईबाबा 4 महिन्यांसाठी जर्मनीला निघालेत. बँक, जीमेल, डिजिलॉकर सगळं बाबांच्या एकाच फोनवर आणि एकाच सिमवर. तो फोन गेला की ओटीपीही गेला, ही खरी भीती.

आतापर्यंत केलेलं: गूगलचे 10 बॅकअप कोड कागदावर लिहून आईच्या पर्समध्ये ठेवले (प्रत्येक कोड एकदाच चालतो, नवा संच काढला की जुना बाद). आधारचं बायोमेट्रिक लॉक केलं. सिमला पिन लावला, म्हणजे चोराने सिम दुसऱ्या फोनमध्ये घातलं तरी ओटीपी मिळणार नाही. पिन 3 वेळा चुकला तर पीयूके (सिम पुन्हा उघडायचा कोड) लागतो, तोही लिहून ठेवलाय. पासपोर्ट-व्हिसाची पासवर्ड लावलेली पीडीएफ पेनड्राइव्हवर आहे, कारण डिजिलॉकर उघडायलाही ओटीपी लागू शकतो.

अडलंय इथे:
ऑथेंटिकेटर (लॉगिनचे कोड फोनवरच तयार करणारं अ‍ॅप) आईच्या फोनवरही चालू ठेवावा का? तिचा स्क्रीनलॉक फक्त 4 अंकी आहे.
भारतातलं सिम 90 दिवस वापरलं नाही तर नंबर बंद होऊ शकतो. तो चालू राहावा म्हणून रोमिंगवर नेमकं काय करता?
तिथून डुप्लिकेट सिम कुणी मिळवलंय का? इथल्या नातेवाइकाच्या हाती अधिकारपत्र दिलेलं चाललं का?

20 तारखेला विमान आहे, कृपया लवकर सांगा.