‘डॉक्टर हू’ची धून कोणाची: ग्रेनरची की डेलियाची?

स्वरांकन:
बीबीसीवर २३ नोव्हेंबर १९६३ ला सुरू झालेल्या ‘डॉक्टर हू’ या विज्ञानकथा मालिकेची शीर्षकधून सिंथेसायझरवर वाजवलेली नाही, रॉबर्ट मूगचा सिंथेसायझर १९६४ चा. संगीतकार रॉन ग्रेनरने कागदावर चाल दिली, सोबत ‘वाऱ्याचे बुडबुडे’, ‘ढग’ अशा खुणा. ऐकू येणारा आवाज घडवला डेलिया डर्बीशायरने, बीबीसीच्या रेडिओफोनिक वर्कशॉपमध्ये, म्हणजे यंत्रांवर नवे आवाज घडवणाऱ्या विभागात. संगीतकार म्हणून नाव मात्र एकट्या ग्रेनरचं. ती सहसंगीतकार मानली पाहिजे.

मंद्रसप्तक:
पटत नाही. चाल ग्रेनरची, खर्जातली धावती ओळही त्याचीच. आपल्याकडे संयोजकाने गाण्याचं सोनं केलं तरी चाल संगीतकाराचीच म्हणतो ना? डेलियाला श्रेय हवंच, पण संयोजनाचं.

रीळवाला:
संयोजक नोटेशन देतो आणि वादक वाजवतात. इथे वादकच नव्हते. तार छेडून तिचा एक आवाज टेपवर घेतला. वेग दुप्पट केला की स्वर एक सप्तक वर, निम्मा केला की एक सप्तक खाली. टेप सेकंदाला १५ इंच पळत असेल, तर अर्ध्या सेकंदाच्या स्वराला साडेसात इंचांचा तुकडा लागतो. ब्लेडने कापायचा, चिकटपट्टीने जोडायचा, मग पुढचा स्वर. वरची चाल ऑसिलेटरवर, म्हणजे उपकरणं तपासायला सलग सूर देणाऱ्या यंत्रावर, आणि त्यातली मींड (स्वरावरून स्वरावर घसरत जाणं) हाताने त्याची डायल फिरवून काढलेली. फुसफुस म्हणजे गाळून घेतलेला व्हाइट नॉईज, रेडिओच्या खरखरीसारखा आवाज. एकाच टेपवर अनेक थर वेगवेगळे घेणारं मल्टिट्रॅक यंत्र नाही, त्यामुळे प्रत्येक थर वेगळ्या यंत्रावर लावून सगळी यंत्रं एकदम सुरू करायची. एक तुकडा इंचभर लांब राहिला की पुढचं सगळं सरकतं. तसं झालंही. चुकीचा स्वर सापडेना, तेव्हा डेलिया आणि तिचा मदतनीस डिक मिल्स यांनी बीबीसीच्या मेडा व्हेल स्टुडिओच्या लांब कॉरिडॉरमध्ये टेपा शेजारीशेजारी अंथरल्या आणि जोड मोजत चूक धरली.

मंद्रसप्तक:
मग मिल्सही सहसंगीतकार का? आणि टारडिस, म्हणजे मालिकेतलं कालयान, प्रकटताना होणारी घरघर वर्कशॉपच्याच ब्रायन हॉजसनने पियानोच्या खर्जाच्या तारेवर घराची किल्ली घासून काढली, त्याचं काय? नाव रेडिओफोनिक वर्कशॉपचं द्यायचं, माणसाचं नाही, हा रिवाज सगळ्यांनाच लागू होता.

स्वरांकन:
मिल्स मदतीला होता, स्वर कसा लागायचा हे डेलिया ठरवत होती. ते ग्रेनरलाच सगळ्यात आधी कळलं. पहिल्यांदा ऐकून ‘हे खरंच मी लिहिलं?’ असं त्याने विचारलं आणि रॉयल्टीतला निम्मा वाटा तिला देऊ केला. बीबीसीच्या नियमांत ते बसलं नाही. ज्याची चाल तोच निम्मं सोडायला तयार होता!

मंद्रसप्तक:
पैशांचा मुद्दा मान्य, निम्मे तिला मिळायलाच हवे होते. रचनेबद्दल मत तेच. १९८० मध्ये पीटर हॉवेलने हीच धून सिंथेसायझरवर नव्याने केली, तरी ती लगेच ओळखू येते. म्हणजे ओळख चालीत आहे.

रीळवाला:
दोन्ही लागोपाठ ऐका. हॉवेलनेही ती मींड सोडलेली नाही. ग्रेनरच्या कागदावर तिच्यासाठी नुसता शब्द होता. ती कशी वाजावी हे डेलियाने ठरवलं. आणि पडद्यावर तिचं नाव आलं २०१३ मध्ये, पन्नाशीच्या विशेष भागात. तिला जाऊन तेव्हा १२ वर्षं झाली होती.