पडवळाला बांधलेला दगड
लहानपणी मातीत हात घातलेल्यालाच पुढे झाडांची गोडी राहते, हे मत मला मनापासून पटते. आमच्या रत्नागिरीच्या घरी मिरगाचा पाऊस पडला की आजी परसात पडवळ, दोडकी आणि दुधीच्या बिया आळ्यांत टोचत असे. वेल मांडवावर चढल्यावर पडवळ सरळ वाढावे म्हणून त्याच्या टोकाला सुतळीने लहानसा दगड बांधण्याचे काम माझ्याकडे असे. दुधीचे फूल संध्याकाळी उमलते आणि मादी फुलाखाली इवलासा दुधी आधीपासूनच असतो, हे तिनेच दाखवले. आता माझ्या गच्चीवरच्या वेलाला पराग पोहोचवणारे कीटक कमी पडतात, तेव्हा तिन्हीसांजेला नरफूल खुडून मी मादी फुलावर हलकेच टेकवते. शेजारची मुले हे काम हट्टाने मागतात. त्यांना ते जरूर करू द्यावे, चार फुले वाया गेली तरी चालतील.