‘नीतीचे मापन’ म्हणजे नेमके कशाचे?

फोंड्याहून प्रश्न: आमच्या कॉलेजच्या परिसंवादाचा विषय मराठीत छापायचा आहे. हाती आलेला मजकूर असा: ‘जागतिक निर्णयप्रक्रियेवरील नीतीच्या प्रभावाचे मापन’. वाचल्यावर प्राचार्यांनी विचारलं, “कुठली नीती? आर्थिक की परराष्ट्र?” मग नैतिकता घालू की नीतिमत्ता? आणि ‘मापन’ चालेल का?

म्हापशाहून: बाई, प्राचार्यांची चूक नाही. हिंदी बातम्या ऐकून ऐकून नीती म्हटलं की धोरणच आठवतं. विदेशनीती, शिक्षानीती, त्यात २०१५ पासून नीती आयोग. तसं राजनीती, चाणक्यनीती यांत तो अर्थ जुनाच आहे, सगळं हिंदीच्या माथी मारायला नको. पण मराठीत ‘धोरण’ छान रुळलं, म्हणून एकट्या ‘नीती’कडे बऱ्यावाईटाचा विवेक राहिला. इथल्या चर्चच्या कोंकणीत तर ‘नीत’ म्हणजे न्याय!

नीतिमत्ता ही नीतिमान माणसाची, फार तर संस्थेची. निर्णयाची असते ती नैतिकता. ‘ठरावाची नीतिमत्ता’ कानाला खटकतं ते त्यामुळेच. (‘नैतिक जबाबदारी’ मात्र फक्त राजीनाम्याच्या पत्रात भेटते.) तुमच्या विषयात माणसं कशी आहेत हा प्रश्नच नाही. निर्णय घेताना नैतिक विचाराला किती वजन मिळालं, हे बघायचं आहे. तेव्हा ‘नैतिक विचारांचा प्रभाव’ म्हणा.

मापनाबद्दल मी जास्त कडक आहे. नारळ मोजतात, कापड मापतात, माणूस जोखतात. भ्रष्टाचारावर नजर ठेवणाऱ्या ट्रान्सपरन्सी इंटरनॅशनल या संस्थेचा निर्देशांक घ्या. १९९५ पासून निघतो, हल्ली देशांना ० ते १०० गुण देतो. त्यात मोजला जातो तो भ्रष्टाचाराबद्दलचा तज्ज्ञांचा आणि व्यावसायिकांचा समज. लाच काही कोणी पावती फाडून घेत नाही, मोजणार कशी? संस्थेने ‘समज’ हा शब्द नावातच ठेवलाय. आपल्या बातम्यांत नेमका तोच गळतो आणि ‘भ्रष्टाचार निर्देशांक’ उरतो. मग अमुक देशात इतके टक्के भ्रष्टाचार, असं लोक बेधडक बोलतात. म्हणून ‘मूल्यमापन’ लिहा. ‘जोखणे’ त्याहून नेमकं, पण परिसंवादाच्या पत्रिकेवर ते कोणी छापू देणार नाही.

डिचोलीहून: सरसकट ‘मोजता येत नाही’ म्हणू नका, सर. नॉर्वेच्या सरकारी पेन्शन फंडाची नीतिविषयक परिषद २००४ पासून आहे. कोणत्या कंपन्यांत पैसा घालू नये याची ती शिफारस करत आली आणि वगळलेल्यांची यादी जाहीर असते. ती मोजा की! आमच्याकडचंच बघा. २०१२ ला गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी बंद पडल्या. २०१४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने वर्षाला २ कोटी टनांची तात्पुरती मर्यादा घातली आणि खनिजविक्रीतले १० टक्के कायम निधीत टाकायला सांगितले. का, तर खनिज पुढच्या पिढ्यांचंही आहे. आता हा नैतिक विचारच ना? आणि तो टनात नि टक्क्यात उतरला. ट्रक उभे राहिले तेव्हा गावात कर्जाचे हप्ते थकले, त्या घरांना मात्र हीच नीती अनीती वाटली असेल. ते कुठल्या रकान्यात भरणार, हे परिसंवादात जरूर विचारा.

म्हापशाहून: मान्य. पण तिथे मोजलात तो परिणाम. मग मथळ्यात ‘प्रभाव’ नको, ‘परिणाम’ हवा.

डिचोलीहून: हरकत नाही. प्रभाव पडतो, परिणाम दिसतो. दिसतं तेच मोजू.

फोंड्याहून: मग असं लिहू का? ‘जागतिक निर्णयांवर नैतिक विचारांचा परिणाम : मूल्यमापनाच्या पद्धती आणि मर्यादा’. प्राचार्य म्हणतील लांबलं, पण धोरण कोणते असं तरी विचारणार नाहीत.

मडगावहून: लांबू द्या. फक्त पत्रिकेत ऱ्हस्वदीर्घ सांभाळा. ‘नीती’ एकटी असली की ती दीर्घ, पण नीतिमत्ता, नीतिमूल्ये, नीतिशास्त्र यांत ‘ति’ ऱ्हस्वच. ‘नितीमत्ता’ छापलेले बॅनर मी बरेच पाहिलेत.