समद म्हणजे ‘बेफिकीर’? काय ओ हे!

खानापूरकर: समद हे अल्लाचं नाव. काल इथं एकानं ठोकून दिलं की कुराणातल्या ‘अल्लाहुस्समद’ या आयतीचा, म्हणजे ओळीचा, अर्थ ‘अल्ला बेफिकीर आहे, त्याला कुणाचं काही पडलेलं नाही’. खाली हात जोडणाऱ्यांची रांग. उर्दू तर्जुम्यात ‘बेनियाज’ दिसलं आणि गडी तिथून सुटला. नियाज म्हणजे गरज. ज्याला कुणाची गरज नाही तो बेनियाज. आपल्याकडं नियाज म्हटलं की प्रसादाच्या जेवणाची डेगच आठवते, त्याला कुराण काय करणार? आणि बेनियाज हीसुद्धा एकच बाजू. साद-मीम-दाल (स-म-द) या अरबी धातूत एखाद्याचा रोख धरून निघणं आहे. अडीनडीला सगळे ज्याच्या दाराशी येतात तो समद. कुराणाचा जुना भाष्यकार तबरी (मृत्यू इ.स. ९२३) यानं जुने अर्थ ओळीनं मांडून कौल याच अर्थाला दिलाय. सगळे ज्याच्याकडं धावतात त्याला बेफिकीर म्हणायचं?

निपाणी_७७: कौल सांगितलात, खरं ती ओळ गिळलीत. त्याच तबरीत ‘ज्याला जौफ नाही’, म्हणजे आत पोकळी नाही, हा अर्थ आहे. ‘जो खात नाही, पीत नाही’ हाही आहे. पोट आलं की भूक आली, भूक आली की दुसऱ्यापुढं हात आला. पुढची आयत बघा की: ‘लम यलिद व लम यूलद’, त्यानं कुणाला जन्म दिला नाही, त्याला कुणी दिला नाही. आतून काही निघत नाही, बाहेरून काही आत जात नाही. मराठीत त्याला तयार शब्द आहे, भरीव.

कॅम्पवाला: भरीव म्हणे! देव आहे की पितळी बत्ता? हाच उद्योग बायझंटाईन पंडितांनी नवव्या शतकात केला. ग्रीकमध्ये ‘होलोस्फिरोस’, म्हणजे घणानं ठोकून केलेला सबंध गोळा. मग ख्रिस्ती होणाऱ्या मुसलमानाकडून त्या ‘ठोकीव देवा’चा धिक्कार वदवून घ्यायचे. ११८० साली सम्राट मॅन्युएल कोम्निनोसनं ते कलम काढायला सांगितलं, तर धर्मगुरू अडून बसले आणि मोठा तंटा झाला. एका विशेषणानं एवढं केलं. तुम्ही तेच मराठीत आणताय.

पारायणकर: म्हणजे आपला निर्गुण निराकारच की. एवढी डोकेफोड कशाला?

खानापूरकर: नाही ओ. निर्गुणापुढं कुणी गाऱ्हाणं नेत नाही, समदकडं नेतात. शिवाय अल्लाची ९९ नावं म्हणजे गुणच, निर्गुण कुठून येणार? नावांची यादी तिर्मिझीच्या हदीससंग्रहात येते, बुखारीच्या संग्रहात नुसता आकडा. म्हणून यादीतल्या काही नावांवर वाद आहे. समदवर नाही. तो थेट ११२व्या सूऱ्यात (अध्यायात) आहे, अख्ख्या कुराणात एकदाच.

चिक्कोडी_एक्स्प्रेस: अर्थ राहू दे. आधी ‘अब्दुल समद’ असे दोन तुकडे करणं बंद करा. ‘अब्दुल’ म्हणजे ‘…चा बंदा’. कुणाचा? अर्जात नावाच्या रकान्यात अब्दुल, आडनावाच्या रकान्यात समद, की बँकेत हाक येते ‘ओ समदसाहेब’. देवाचं नाव माणसाला! अरबीच्या २८ अक्षरांत १४ सूर्याक्षरं. त्यांच्यापुढं ‘अल’मधला ल बुडतो आणि पुढचं अक्षर दुप्पट होतं. साद त्यातलंच, म्हणून अब्दुस्समद. रे पण त्यातलंच, म्हणून अब्दुर्रहमान. काफ चंद्राक्षर, म्हणून अब्दुल करीममध्ये ल टिकतो, तरी नाव एकच.

कॅम्पवाला: आणि कन्नड मतदार यादीचं काय? आपण शेवटचा अ खातो, कन्नड खात नाही. दचा पाय मोडला नाही की ‘समदा’ वाचतात. त्यावरून कुणीतरी मराठीत उतरवतो ‘अब्दुल समदा’. समदा! म्हणजे सगळाच अब्दुल. मराठी यादी दिली असती तर…

निपाणी_७७: आला! सीमाप्रश्न आला! घड्याळ लावून बसलो होतो. कन्नड लिपीत पाय मोडायची सोय आहे, लिहिणारा मोडत नाही. लिपीवर कशाला राग काढता?

कॅम्पवाला: तुम्ही निपाणीत बसून शिकवू नका.

निपाणी_७७: बेळगावात बसलं की अरबी जास्त येते का?

खानापूरकर: पुरे. ‘समदा’ पठणातही होतो, तिथं कन्नडला दोष देता येत नाही. आयत संपवून थांबलं की दालवर कलकला येतो. काफ (जाड), तोय, बे, जीम, दाल या पाचच अक्षरांना कलकला आहे. जीभ सुटताना बारीक दणका, बस्स. तो ताणला की मागं ‘अ’ चिकटतो. न थांबता आधीची ‘अहद’नं संपणारी पहिली आयत जोडली तर ‘अहदुनिल्लाहुस्समद’ होतं. मध्ये ‘नि’ येतो आणि अल्लाहचा ल पातळ पडतो. पुष्कळजण जोडतात, खरं ल जाडच ठेवतात. साद मात्र जाडच हवा, जिभेचं मूळ वर उचलून. पातळ सीन (साधा स) काढला तर धातूच बदलतो. सीनवाला ‘सामिदून’ ५३व्या सूऱ्यात ६१व्या आयतीत आहे, अर्थ गाफील. कालच्या पोस्टवाल्याला बेफिकीरच हवा असेल तर तो तिथं सापडेल, फक्त तो देवाबद्दल नाही, ऐकणाऱ्यांबद्दल आहे.

निपाणी_७७: हे झकास. बरं, ‘भरीव’ मागं घेत नाही, कंसात टाकतो. समोर तुमचा ‘सगळे ज्याच्याकडं जातात तो’ ठेवा. लांबलचक आहे, खरं चुकीचा नाही.

कॅम्पवाला: मेहरबानी.

चिक्कोडी_एक्स्प्रेस: आणि आमच्या ‘समदा’चं?

खानापूरकर: मतदार यादीला नमुना ८ भरा. नाव सलग, मध्ये जागा सोडू नका. आणि कन्नड रकान्यात दचा पाय मोडा.

निपाणी_७७: शेजारी तोंडी सांगू नका फक्त. पाय मोडा म्हटलं की क्लार्क पळायचा.